मार्फन आहे आणि सगळ्यांना गोड बातमी हवीये

इंदूरला आमच्याकडे लग्नाला वर्ष होत नाही तोच प्रत्येक हळदीकुंकवात एकच प्रश्न, मग काय, गोड बातमी कधी? आता त्या काकूंना उभ्या उभ्या महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) कुठून समजावू, म्हणून इथे लिहितेय.

मला मार्फन सिंड्रोम हा आजार आहे, बाबांकडून आलेला. एफबीएन१ जीनमधला बिघाड, त्यामुळे शरीराला धरून ठेवणारे टिश्यूच कमजोर. लांब बोटं वगैरे ठीक (अंगठा मुठीत दाबला की करंगळीच्या बाजूने चक्क बाहेर डोकावतो), खरी भानगड महाधमनीची, ती हृदयापाशी, अगदी मुळाशी, हळूहळू फुगते. प्रेग्नन्सीत रक्त वाढतं, हार्टवर लोड येतो, हार्मोन्समुळे भिंत अजून नाजूक होते आणि ती आतून चिरू शकते. सगळ्यात जास्त धोका शेवटचे तीन महिने आणि डिलिव्हरीनंतरचे काही आठवडे, म्हणजे नेमकं घरचे डिंकाचे लाडू वळत 'सुटली बाई' म्हणतात तेव्हा!

म्हणून आधी इको (हृदयाची सोनोग्राफी), एमआरआय. महाधमनीची रुंदी ४५ मिमीच्या वर असेल तर आधी ऑपरेशनचं बोलतात, ४० च्या आत धोका कमी, पण शून्य नाही. लोसार्टन हे बीपीचं औषध बाळाला घातक म्हणून बंद, ठोके मंद ठेवणारं बीटा ब्लॉकर चालू. बाळाला मार्फन यायचा चान्स ५० टक्के. माझी महाधमनी ३९ मिमी आहे. सासूबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, पथ्याने कमी नाही का गं होत? नाही होत.

आणि हो, छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं तर गॅस समजून ओवा चावत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा आणि मार्फन आहे हे आधी सांगा.