'पर्स्युएशन' हातात घेऊन बाथ

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने बाथ साधारण दीड तासावर. बरेच जण सकाळी येतात, रोमन स्नानगृहं बघतात आणि संध्याकाळी परततात. वाचनाची आवड असेल तर असं करू नका. दोन रात्री तरी मुक्काम ठेवा आणि निघण्याआधी जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन' पुन्हा वाचून काढा. या कादंबरीत कोण कुठे राहतं याला फार अर्थ आहे आणि तो बाथचे चढ चढल्यावरच नीट उलगडतो.

म्हणून सुरुवात वरून, कॅम्डन क्रेसेंटपासून. कादंबरीतलं कॅम्डन प्लेस ते हेच. कर्जापायी वाडवडिलांचं घर भाड्याने देऊन आलेले सर वॉल्टर एलियट इथे दिमाखात राहतात. समोर उभं राहून इमारतीचा दर्शनी भाग निरखा. खांबांवरचा त्रिकोणी माथा मधोमध नाही, एका बाजूला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधकाम चालू असतानाच पूर्वेकडची जमीन खचली आणि ती बाजू अपुरीच राहिली. खचत्या जमिनीवरचा हा रुबाब ऑस्टिनने सर वॉल्टरना जाणूनबुजून दिला, असंच मला वाटतं. १८०१ ते १८०६ ती याच शहरात राहत होती.

तिथून रॉयल क्रेसेंटकडे जा. तीस घरांची ती अर्धचंद्राकार रांग बघून झाली की मागच्या ग्रॅव्हल वॉकने उतरा. सर वॉल्टरची लेक, कादंबरीची नायिका अ‍ॅन आणि तिचा जुना प्रियकर कॅप्टन वेंटवर्थ आठ वर्षांचा दुरावा संपवून मनातलं बोलतात ते अशाच वाटेवर. इथे घाई करू नका, बाकावर बसून ते प्रकरण वाचा. पुढे गे स्ट्रीट. वडील १८०५ मध्ये वारल्यावर जेन, तिची आई आणि बहीण २५ नंबरच्या घरात काही महिने राहिल्या. ऑस्टिन सेंटर याच रस्त्यावर आहे, पण ते तिचं घर नव्हे. वेळ कमी असेल तर ते वगळलं तरी चालेल. शेवटी सखल भागातलं वेस्टगेट बिल्डिंग्ज. अ‍ॅनची गरीब, आजारी मैत्रीण इथली, आणि लेक तिला भेटायला जाते म्हणून सर वॉल्टर नाक मुरडतात. कॅम्डनहून इथवर उतरून आलात की ते नाक मुरडणं बरोबर कळतं.

रोमन स्नानगृहांचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि सकाळी लवकर जा. तिथे पाण्यात उतरता येत नाही; गरम झऱ्याच्या पाण्यात डुंबायचं असेल तर थर्मे बाथ स्पा. रोमन स्नानगृहांशेजारच्या पंप रूमजवळ (झऱ्याचं पाणी प्यायला लोक जमत ते दालन) मेरी शेलीची पाटी शोधा. 'फ्रँकेन्स्टाइन'चा बराच भाग तिने १८१६-१७ च्या हिवाळ्यात बाथमध्ये लिहिला.

दुपार पुस्तकांच्या दुकानांसाठी राखा. एडगर बिल्डिंग्जमधलं पर्सेफनी मला सर्वांत आवडलं. विसाव्या शतकातल्या, विस्मरणात गेलेल्या लेखिकांची पुस्तकं ते नव्याने छापतात. बाहेरून सगळी एकसारखी राखाडी, आणि उघडलं की आतल्या कागदावर त्या काळातल्या कापडाची नक्षी. मिस्टर बीज एम्पोरियममध्ये चहा-केक घेत विक्रेत्याशी निवांत बोलून पुस्तकं निवडता येतात. त्यासाठी आगाऊ नोंदणी लागते. सप्टेंबरात ऑस्टिन महोत्सव असतो, तेव्हा खोली फार आधी ठरवा. विमानाच्या सामानात चार-पाच किलोंची जागा मात्र घरूनच रिकामी ठेवून निघा.