ऐरोलीचं होमलॅब: डीएचसीपी लीजचा कारभार आता सीएसव्हीतून

डीएचसीपी म्हणजे राउटरने घरातल्या यंत्रांना नेटवर्कचा पत्ता (आयपी) वाटण्याची पद्धत, आणि ठरावीक मुदतीसाठी दिलेला तो पत्ता म्हणजे लीज. आमच्या होमलॅबचा, म्हणजे घरच्या नेटवर्क-प्रयोगाचा, सेटअप पूर्वीचाच आहे. ऐरोलीतला टू-बीएचके, ओएनटीमागे (फायबरचं इंटरनेट घरात आणणारी पेटी) ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालवणारा राउटर, हॉलमध्ये आठ पोर्टचा स्विच, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर), एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि गीझर-दिव्यांचे वाय-फाय प्लग. या टप्प्यात बदललं ते एवढंच: स्टॅटिक लीज (यंत्राला कायमचा ठरवून दिलेला पत्ता) आता लुसीच्या, म्हणजे राउटरच्या वेब पानावर हाताने भरायच्या नाहीत. यादी सीएसव्हीत (साध्या मजकुरातला तक्ता), सीएसव्ही गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन), आणि राउटरवर जातं ते त्यातूनच तयार होऊन.

रकाने चार: नाव, मॅक (यंत्राचा नेटवर्क-ओळख क्रमांक), आयपी, शेरा. शेरा गाळू नका. 'ईएसपी' (वाय-फाय प्लगांतली चिप) ने सुरू होणारी पाच नावं समोर आली की त्यातलं गीझर कोणतं ते शेऱ्यावाचून कळत नाही.

पायवरची पायथन स्क्रिप्ट मॅक लहान लिपीत आणते, डुप्लिकेट तपासते आणि मगच यूसीआयच्या (ओपनडब्ल्यूआरटीची सेटिंग बदलण्याची पद्धत) आज्ञा लिहिते. डुप्लिकेटची तपासणी हा यातला खरा कणा. एकच आयपी दोन यंत्रांना दिला गेला तर डीएनएसमास्क (राउटरवर डीएचसीपी आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं, दोन्ही सांभाळणारा प्रोग्राम) कुरकुर करून पुढे जात नाही, तो सुरूच होत नाही. मग डीएचसीपीबरोबर डीएनएसही जातं आणि घरातले सगळे 'नेट गेलं' म्हणून ओरडतात. अशी नोंद बहुतेकदा चुकून टाइप झालेली नसते. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवल्यावर जुन्या होस्ट सेक्शनखाली (सेटिंगच्या फाइलमधली एकेका यंत्राची नोंद) तीच यादी पुन्हा जोडली जाते. म्हणून आधी सगळे होस्ट सेक्शन काढायचे, मग नवे घालायचे, आणि कमिट (बदल पक्के करणं) शेवटी एकदाच. कमिटपर्यंत मूळ फाइलला धक्का लागत नाही, मध्येच काही फिस्कटलं तर रिव्हर्ट (बदल मागे घेणं) पुरतो. सेक्शनच्या नावात हायफन चालत नाही, अंडरस्कोर वापरा. होस्टनेममध्ये मात्र हायफन बिनधास्त.

राउटरवर फाइल पाठवताना एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी आज्ञा) अडकली तर राउटरला दोष देऊ नका. ओपनएसएसएच 9.0 पासून एससीपी आतून एसएफटीपी ही दुसरी पद्धत वापरते आणि ड्रॉपबेअरसोबत (राउटरवरचा छोटा एसएसएच सर्व्हर) एसएफटीपी सर्व्हर येत नाही. कॅपिटल ओ हा पर्याय दिला की जुनी पद्धत चालू होते.

पत्त्यांची वाटणी: सबनेट (घरच्या पत्त्यांचा पट्टा) 10.20.30.0/24, शेवटचा आकडा स्टॅटिकसाठी 10 ते 99, डायनॅमिक पुलासाठी (बाकी यंत्रांना आपोआप वाटायचे पत्ते) 100 ते 249 (हा ओपनडब्ल्यूआरटीचा डिफॉल्टच आहे: स्टार्ट 100, लिमिट 150). स्टॅटिक पत्ता पुलाच्या आतला दिला तरी डीएनएसमास्क तो राखून ठेवतो, पण तोवर दुसऱ्या कुणी घेतला असेल तर तो मोकळा होईपर्यंत तुमच्या यंत्राला दुसराच पत्ता मिळतो. लॉगमध्ये 'नॉट यूझिंग कॉन्फिगर्ड ॲड्रेस' दिसलं की हेच समजा.

बदल लगेच दिसत नाही, कारण यंत्र लीजची निम्मी मुदत गेल्यावरच पुन्हा विचारतं. डिफॉल्ट 12 तासांची लीज म्हणजे 6 तास. मोठी फेरबदल करायची असेल तर आदल्या रात्री लीज 10 मिनिटांवर आणा; सकाळपर्यंत सगळे त्या तालावर येतात. काम झालं की पुन्हा 12 तास.

पाहणीसाठी पाय दर 5 मिनिटांनी राउटरची लीज फाइल वाचतो. ओळीत पाच रकाने: मुदत संपण्याची वेळ युनिक्स सेकंदांत, मॅक, आयपी, होस्टनेम, क्लायंट आयडी. नाव न सांगणाऱ्या यंत्रापुढे नुसता स्टार. सीएसव्हीत नसलेला मॅक दिसला की टेलिग्रामवर निरोप. ही फाइल रॅममध्ये असते, वीज गेली की पुसली जाते. ती फ्लॅशवर (राउटरची कायमची साठवण) हलवायचा मोह टाळा, सतत लिहून फ्लॅश झिजते. आणि ऑथोरिटेटिव्ह पर्याय (राउटर स्वतःला नेटवर्कचा एकमेव डीएचसीपी सर्व्हर मानतो) डिफॉल्टने चालू असल्यामुळे यंत्रांनी जुना पत्ता मागितला की तोच मिळतो. घोळ होतो तो वेगळा. एनव्हीआर आणि स्विच यूपीएसवर असतील आणि राउटर नसेल, तर एनव्हीआरला राउटर रीबूट झाल्याचा पत्ताच लागत नाही. तो रेकॉर्डिंग करत राहतो, लीज यादीत मात्र तासन् तास गायब. म्हणून राउटरचा अपटाइम 6 तासांच्या आत असेल तर 'यंत्र गायब' हा निरोप स्क्रिप्ट दाबून ठेवते.

फोनचा मॅक यादीत टाकण्याआधी त्याचा दुसरा अंक बघा. 2, 6, ए किंवा ई असेल तर तो लोकल, म्हणजे बहुधा रँडम. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून हा डिफॉल्टच आहे. घरच्या नेटवर्कपुरतं फोनमध्ये रँडम बंद करा, नाहीतर फोन डायनॅमिकमध्येच राहू द्या; आमचा कल दुसऱ्याकडे.

गणपतीतल्या पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं आहे: /27, म्हणजे राउटर वगळून 29 पत्ते. 12 तासांच्या लीजवर दुपारच्या आरतीला आलेल्यांचे पत्ते संध्याकाळच्या पाहुण्यांना मिळत नाहीत, लॉगमध्ये 'नो ॲड्रेस अव्हेलेबल'. गेस्टची लीज 1 तास ठेवली आहे.

ओएनटीची केबल चुकून राउटरच्या लॅन (घरच्या नेटवर्कच्या) पोर्टात गेली तर? ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना लॅनवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर (इथे ओएनटी) आहे का ते बघतो, आणि सापडला तर आपला सुरूच करत नाही. फोर्स पर्याय 1 केला की ही तपासणी टळते, पण मग दोन सर्व्हर एकाच वेळी पत्ते वाटत बसतात. केबल वॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पोर्टात घालणं बरं.

आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) अजून बाकी आहे. तिथे लीज ओडीएचसीपीडी हा वेगळा प्रोग्राम देतो, ओळख मॅकऐवजी डीयूआयडीने (डीएचसीपीव्ही6 मधला यंत्राचा ओळख क्रमांक) होते, आणि अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही6 ने पत्ता घेतच नाहीत. त्यामुळे सीएसव्हीत डीयूआयडीचा पाचवा रकाना आधी फक्त एनव्हीआर आणि पायसाठीच भरला जाईल.