परिचयपत्रावरचं जुनं नाव

राजदूत म्हणून नेमणूक झाली की दुसऱ्या दिवसापासून कामाला लागायचं, असंच साताऱ्यातल्या आमच्या नातेवाइकांना वाटत होतं. मला मात्र पोचल्यावर जवळजवळ चार महिने थांबावं लागलं.

यूपीएससी, मसुरीचं प्रशिक्षण, परकी भाषेची परीक्षा, मग तृतीय सचिवापासूनची एकेक पायरी, यात २६ वर्षं गेली. त्याबद्दल तक्रार नाही. नेमणुकीआधी त्या देशाची संमती घेतात, तीही वेळेत आली.

‘हे आमचे राजदूत’ असं सांगणारं, आपल्या राष्ट्रपतींच्या सहीचं परिचयपत्र तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती देईपर्यंत आपण फक्त नियुक्त राजदूत. आणि हे पत्र त्या राष्ट्राध्यक्षांना नावानिशी लिहिलेलं असतं. मी नोव्हेंबरात पोचलो, डिसेंबरात निवडणूक झाली आणि राष्ट्राध्यक्ष बदलले. त्याच आठवड्यात तिथल्या राजशिष्टाचार विभागाला विचारलं, ‘पत्र नव्याने आणायचं का?’ म्हणाले, ‘गरज नाही, तारीख कळवतो.’ दर सोमवारी माझा फोन, दर सोमवारी तेच उत्तर. पाच आठवड्यांनी सांगतात, पत्र जुन्या नावाचं आहे, चालणार नाही! आजही आठवलं की संताप होतो. आधीच्या राजदूतांना परत बोलावल्याचं पत्र सोबत द्यावं लागतं, तेही बदलायचं. पुन्हा दिल्ली, पुन्हा मसुदा, पुन्हा सही. या खात्यात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, असं उत्तर लेखीच मागा.

२६ जानेवारीला दूतावासाच्या आवारात मी तिरंगा फडकवला. फाटकाशी गाडी उभी होती, तिच्या बॉनेटवरची झेंड्याची काठी मात्र काळ्या खोळीत. परिचयपत्र दिल्याशिवाय गाडीवर झेंडा लावायचा नाही, असा तिथला रिवाज. चालक रोज ती खोळ पुसायचा.

एक राहिलंच, पत्राची नक्कल पोचल्या पोचल्या परराष्ट्र मंत्रालयात द्या. राजनैतिक संबंधांबद्दलच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या १३ व्या कलमाप्रमाणे काही देशांत तेवढ्यानेही कार्यभार सुरू झाला असं धरतात, आणि राजदूतांची ज्येष्ठता त्याच तारखेवरून लागते. इथे तसं नव्हतं, तरी नक्कल दिल्यामुळे अधिकारी भेटायचे. त्या काळात अटकेतल्या दोन भारतीय खलाशांना सोडवता आलं, याचं मला फार समाधान आहे. आणि हो, दिल्लीहून निघण्याआधी तिथली निवडणूक कधी आहे ते बघा.

मार्चमध्ये बंदगळा घालून गेलो. राष्ट्रगीत झालं, दोन्ही पत्रं दिली, पंधरा मिनिटं बोलणं झालं. बाहेर आलो तर चालकाने खोळ काढून, घडी घालून खिशात ठेवली होती. काठीवर तिरंगा होता.