"जुळला!" म्हणण्याआधी

आज गुन्हेशास्त्राच्या तासाला मी मुलांना काचेवरचे बोटांचे ठसे उचलायला शिकवलं. पावडरचा ब्रश जरा जोरात फिरला की रेषाच पुसल्या जातात, हे हात काळे झाल्याशिवाय कळत नाही. मग प्रत्येकाला एक अर्धवट ठसा दिला, जुळवायला. पाच मिनिटांत निम्मा वर्ग "जुळला!" म्हणून मोकळा. एकाचंही बरोबर नव्हतं.

तेव्हा स्पेनमधल्या २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांबद्दल सांगितलं. तपासात सापडलेल्या पिशवीवरच्या एका ठशावरून एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या अनुभवी तज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका वकिलाकडे बोट दाखवलं. तो दोन आठवडे कोठडीत होता. ठसा निघाला दुसऱ्याच माणसाचा.

वर्ग एकदम शांत. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझा परत बघू?" तास संपला तरी ती भिंग घेऊन बसूनच होती. मीही थांबले.