समेवर कॅमेरा कुठे? वहीचा तिसरा महिना

मंडळी, या खेपेला सुरुवात कबुलीने. पहिल्या दोन महिन्यांतला एक अख्खा रकाना मी परवा खोडून टाकला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी हौशी तबलजी, तोही चाळिशीनंतर शिकायला लागलेला. मैफिलींची चित्रणं, संगीतावरचे माहितीपट, संगीतप्रधान सिनेमे बघताना मी मनात मात्रा (तालाचे ठोके) मोजतो आणि समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, पडद्यावर काय दिसतंय ते वहीत टिपतो: हात, गळा की श्रोते. चौथा रकाना होता 'चुकली', म्हणजे समेचा धा (तबल्याचा बोल) ऐकू येतो पण बोटं आधीच पडून उचललेली असतात. हा रकाना भराभरा भरत होता. विलंबितात (संथ लयीत) काही नाही, पण द्रुत (जलद लय) सुरू झाली की सगळे तबलजी एकेक मात्रा पुढे! मला वाटलं, संकलकांना तालाचं काही पडलेलंच नाही. तसं दोन ठिकाणी तावातावाने लिहिलंसुद्धा.

मग आमच्या सरांना एक तुकडा दाखवला. त्यांनी एकदाच बघितला आणि विचारलं, "सगळेच चुकतात होय? मग तुझं काहीतरी चुकत असेल."

घरी येऊन फोनवर स्वतःच टाळ्या वाजवतानाचं चित्रण केलं आणि टीव्हीवर लावलं. हात जुळले, आणि टाळी मागाहून आली. दोष ब्लूटूथ स्पीकरचा. असा आवाज साधारण १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. आता हिशोब करा: मिनिटाला ३०० मात्रांची द्रुत धरली तर एक मात्रा बरोब्बर २०० मिलिसेकंदांची. म्हणजे मी ज्यांना बेताल ठरवत होतो ते बिचारे समेवरच होते, मात्राभर मागे होता तो माझा दिवाणखाना. विलंबितात एकेका मात्रेला काही सेकंद मिळतात, म्हणून तिथे हे कळलंच नाही. आता वायर जोडली आहे. ज्यांच्यावर तोंडसुख घेतलं त्या संकलकांची मनातल्या मनात माफीही मागून झाली.

याच टाळीपायी एकाचा अख्खा सिनेमा अडकला होता, ते या महिन्यात नीट बघितलं. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं एक चर्च. अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिन सलग दोन रात्री भक्तिगीतं गाते आहे आणि दिग्दर्शक सिडनी पोलॅक बरेच कॅमेरे घेऊन टिपतो आहे. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली आणि तुफान चालली. 'अमेझिंग ग्रेस' हा सिनेमा मात्र लोकांसमोर आला २०१८ मध्ये, ती गेल्यानंतर. इतक्या उशिराला न्यायालयीन भांडणंही कारण होती, पण मूळ गोची साधी. चित्रण करताना क्लॅपच, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटीची टाळीच, दिला नव्हता. चित्राची फीत वेगळी, आवाजाची वेगळी, आणि कुठलं चित्र कुठल्या आवाजाचं हे सांगणारी खूण कुठेच नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर तासन् तास ठेका आहे, पण सम कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. ते जुळवायला शेवटी संगणकाचं युग यावं लागलं.

माझ्या वहीसाठी हा सिनेमा म्हणजे मेजवानी. गायकवृंदाचा संचालक अलेक्झांडर हॅमिल्टन नुसत्या हातांनी नाही, कमरेपासून सगळ्या अंगाने ताल देतो. त्याच्याकडे बघत राहिलात तर पुढचा ठोका कानाआधी डोळ्यांना कळतो. आपल्याकडे मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची पहिली ओळ) उचलताना गवयाची मान तबल्याकडे वळते ना, अगदी तसं. मी तिथे लिहायचं थांबवलं. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा नोंदी केल्या.

'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४), 'टॉकिंग हेड्स' या बँडच्या मैफिलीचा सिनेमा, पुन्हा लावला. दिग्दर्शक जोनाथन डेमी श्रोत्यांना जवळजवळ शेवटपर्यंत लांब ठेवतो, त्यामुळे तिसरा रकाना बराच वेळ कोरा. सुरुवातीला बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटाच येतो, टेपरेकॉर्डर खाली ठेवतो, बटण दाबतो आणि ठेका सुरू होतो. तो ठेका त्या टेपमधून येतच नाही, मागच्या ड्रम मशीनचा आहे! डोळ्यांना सरळसरळ टोपी घातली आहे. मला मात्र त्याचा राग येत नाही, आणि ब्लूटूथचा अजून जात नाही.

सत्यजित राय यांच्या 'जलसाघर'ची (१९५८) नोंद अर्धवट आहे. बेगम अख्तर पडद्यावर स्वतः गाताना दिसतात, तिथेच अडकलो. रोशन कुमारींच्या कथकाला तिसरा रकाना पहिल्यांदाच कामाला आला, कारण तिथे श्रोत्यांमध्येच नाट्य आहे: नृत्य संपताच नवश्रीमंत शेजारी पैसे द्यायला हात पुढे करतो आणि जमीनदार काठीने तो अडवतो. पहिलं बक्षीस यजमानाचं!

'कट्यार काळजात घुसली' (२०१५) 'गळा' या रकान्यासाठी घेतला. पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच्या आवाजात, खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना आवाज राहुल देशपांडे यांचा. पार्श्वगायनावर ओठ हलवताना शब्द पाठ करता येतात, श्वासाच्या जागा पाठ करणं अवघड. म्हणून आता ओठांऐवजी गळपट्टीपाशी बघतोय. निकाल पुढच्या महिन्यात. त्याच्यासोबत 'अयोध्येचा राजा' (१९३२) ठेवणार आहे. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गायले. तिथे श्वास लपवायला जागाच नाही.

काल रात्री मणी कौल यांचा 'ध्रुपद' (१९८२) सुरू केला. वही उघडली, चार रकाने आखले, वायर तपासली. आणि डागर बंधूंचा आलाप सुरू झाला. आलाप तालाशिवायच चालतो, त्यात सम कुठली? पेन्सिल कानामागे खोचली आणि बसलो.