स्विफ्टचं पुढचं व्हील बेअरिंग बदललं, आवाज बंद (प्रोग्रेस लॉग)

तर मंडळी, आपल्या जुन्या स्विफ्टचं (२००७ ची, १.३ पेट्रोल, एबीएस नसलेली) ड्रायव्हर साइडचं पुढचं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी) बदलून झालं, गाडी रस्त्यावर आली आणि घरघर गेली. जरा सविस्तर लिहितो कारण सगळे नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) कसा उतरवायचा तेच विचारतात, आणि तो तर पाना-घण असलेला कोणीही उतरवेल, खरी गोम प्रेसवर (बेअरिंग दाबून काढायच्या-बसवायच्या मशीनवर) आहे.

आधी निदान. साठच्या वर गेलं की खालून हूंऽऽ असा आवाज, स्पीड वाढला की चढणारा. असा आवाज आला की अर्धे लोक लगेच बेअरिंग मागवतात, थांबा. टायर ओबडधोबड झिजला असेल तरी अगदी हाच आवाज येतो, म्हणून पहिलं काम फुकटातलं, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. आवाज मागे गेला तर टायर, पुढेच राहिला तर बेअरिंगकडे बघा. माझा पुढेच राहिला. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली, आरपीएम पडले तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन निर्दोष. बाजू कळायला कसारा घाटाची उतरण मस्त, डावं वळण आलं की वजन उजव्या चाकावर येतं आणि आवाज वाढायचा, उजव्या वळणाला जवळजवळ बंद. म्हणजे उजवं. कधीकधी हे उलटंही फसवतं म्हणून जॅकवर खात्री करायचीच.

जॅकवर (आणि स्टँडवर! नुसत्या जॅकवर हात घालू नका) चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा सांधा), आणि फक्त डावी-उजवीकडे धरल्यावर लागला तर बहुतेक टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा). माझ्याकडे कुठेच खेळ नव्हता, आणि इथेच गॅरेजवाले 'बेअरिंग ओके आहे साहेब' म्हणून गाडी परत देतात. खेळ यायच्या बऱ्याच आधी आवाज येतो. त्यासाठी एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगल्या बाजूला काहीच लागत नाही, खराब बाजूला बोटांना वाळूवरून काहीतरी फिरतंय अशी खरखर लागते. एवढ्या सोप्या टेस्टवर कोणाचा विश्वास का नसतो माहीत नाही.

उतरवणं पटकन सांगतो. चाक जमिनीवर असतानाच ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा) नटाचा ठोकलेला काठ छिन्नीने उघडला, मोठा ब्रेकर बार लावून नट सैल केला, मग कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) तारेने टांगला (पाइपवर लोंबकळत ठेवू नका), डिस्क, टाय रॉड एंड, बॉल जॉइंटचा बोल्ट, वर स्ट्रटचे (शॉकअप-स्प्रिंगचा खांब) दोन बोल्ट. स्ट्रटच्या बोल्टांवर आधी खुणा केल्या म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) साधारण जागेवर येतो, तरी नंतर अलाइनमेंट करायचीच. नकल हातात.

आता प्रेस. ओळखीच्या लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे, तिथे गेलो. हब (ज्यावर चाक बसतं तो फिरणारा भाग) दाबून बाहेर काढला की बाहेरच्या बाजूची आतली रेस (बेअरिंगची कडी, जिच्यावर गोळ्या फिरतात) हबवरच अडकून येते, हे ठरलेलं. ग्राइंडरने रेसवर आडवी खाच मारली, पूर्ण खोल नाही, हबला धार लागता कामा नये, मग खाचेत छिन्नी ठेवून एक घाव, टणकन तडकली. गॉगल घालाच, ते स्टील काचेसारखं फुटतं. उजेडात धरली तर गोळ्या फिरतात त्या वाटेवर एका जागी पापुद्रा उडालेला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि सीलजवळचं ग्रीस चहाच्या रंगाचं झालेलं. पाणी गेलंय. पावसाळ्यात अंडरपासमधून अर्धं चाक बुडवून गाडी काढायची सवय असेल तर हेच होणार.

हबवर रेस बसते ती जागा नखाने तपासा. रेस तिथे फिरली असेल तर ओरखडे आणि निळसर डाग दिसतात, मग हबही नवीन घ्या, नाहीतर नवीन बेअरिंग पण फिरत बसेल. माझा हब स्वच्छ निघाला.

आता मुख्य मुद्दा. बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर, आणि हब बेअरिंगमध्ये बसवताना खालून आधार फक्त आतल्या रेसला. हे उलटं केलं तर सगळा दाब गोळ्यांतून जातो, रेसवर डोळ्याला न दिसणारे खळगे पडतात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज परत. मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. डुप्लिकेट असतातही, म्हणून पार्ट नेहमीच्या भरवशाच्या दुकानातून बिलावर घ्या, पण मला वाटतं निम्मी बेअरिंग प्रेसवरच मरतात. जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस ग्राइंडरने किंचित बारीक करून ठेवा, दाबायला फुकटचा ड्रिफ्ट (दाब देणारा ठोकळा) होतो. नवीन बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवायची टीप पण फिरत असते, आपल्या दमट हवेत त्यावर दव धरतं, मी त्या वाटेला गेलो नाही. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) खाचेत पूर्ण बसली का ते स्क्रूड्रायव्हरने गोल फिरवून बघा. ज्यांच्या गाडीला एबीएस आहे आणि बेअरिंगच्या सीलमध्येच मॅग्नेटिक रिंग आहे त्यांनी ती बाजू सेन्सरकडे ठेवायची, आणि तिला चुंबकवाला ट्रे वगैरे लावायचा नाही.

नट नवीन, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. इम्पॅक्ट गन नको. आणि नट पूर्ण टाइट होईपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नका, कारण आतली रेस दोन तुकड्यांची असते आणि त्यांना एकत्र धरून ठेवतो तो हा नटच. मी गाडी स्टँडवर ठेवून बायकोला ब्रेकवर बसवलं आणि नट आवळला, मग काठ ठोकून लॉक केला. चाकाचे नट ८५ न्यूटन मीटर.

दोन्ही बाजू एकत्र बदला असा सल्ला येणार, माहितीये. शॉकअप जोडीने बदलतात ते ठीक, बेअरिंगला ते लागू नाही, चांगलं चाललेलं बेअरिंग उगाच काढू नये. डावं अजून गुळगुळीत आहे, राहू दे. मात्र ते तपासताना डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या बुटाला (सांध्यावरचं रबरी कव्हर) चीर दिसली, रिमच्या आत ग्रीस उडालंय, तेव्हा पुढचा नंबर त्याचा. बूट किट आणि क्लिपा आणून ठेवल्यात, जॉइंट वळणावर अजून कटकट करत नाहीये म्हणजे वेळेत सापडलं.