क्रियापद पुढे सरकलं

ट्राममधून बाहेर बघत रेवा आज जर्मनमध्ये म्हणाली, ‘दा फेर्ट आइन बुस,’ तिथे एक बस जातेय. कीटातली, म्हणजे पाळणाघरातली मोठी मुलं बोलतात तसं, सहज. मी ‘हो गं’ म्हटलं आणि घर येईपर्यंत गप्पच राहिले.

गणपतीच्या सुमारास ती ‘बुस फारन’ म्हणायची. ‘रेवा मिल्श ट्रिंकन,’ म्हणजे ‘रेवा दूध पिणे.’ क्रियापद मूळ रूपात, पण शेवटी, आपल्यासारखं. तेवढ्या क्रमात ती मला माझी वाटायची. घरात फक्त जर्मन ऐकणारी मुलंही दोनेक वर्षांची असताना अशीच बोलतात, हे मला ठाऊक होतं. पॉपल आणि वेक्सलर या भाषा-अभ्यासकांनी १९९३ साली आंद्रेआस या २५ महिन्यांच्या मुलाची वाक्यं तपासली होती. मूळ रूप शेवटी, काळ-पुरुषाचा प्रत्यय लागलेलं रूप दुसऱ्या जागी, हा भेद तो क्वचितच चुकत होता. म्हणजे त्या शेवटच्या जागेवर मराठीचा हक्क नव्हताच. तरी मी ती धरून बसले होते.

आता ‘फेर्ट’. स्वर बदलला, ‘दा’ आधी आला म्हणून बस क्रियापदामागे गेली. कुणी शिकवलं? मी नाही. मला ऑफिसात अजून मनातल्या मनात जागा जुळवाव्या लागतात. घरात दुसऱ्या कुणाला याचं काही वाटत नाही. असो.

१९०० साली तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउत हिल्डे जन्मली आणि तिचे आईवडील, क्लारा व मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टेर्न, तिच्या वाढीची रोजनिशी लिहू लागले. बरंचसं लिखाण क्लाराचंच. लेकीचं एखादं बोबडं रूप ऐकू येईनासं झालं, तेव्हा क्लाराला काय वाटलं असेल? रेवाचं ‘प्यायलं’साठीचं चुकीचं ‘गेट्रिंक्ट’ अजून आहे. त्याचं ‘गेट्रुंकन’ होईल. व्हायलाच हवं. पण इतक्यात नको.

रात्री जेवत नव्हती. का गं, विचारलं तर म्हणाली, ‘वाइल इश म्यूडं बिन,’ कारण मी दमलेय. ‘बिन’ हे क्रियापद शेवटी! ‘वाइल’ आलं की जर्मनमध्येही क्रियापद शेवटी जातं, आणि मुलं हे फारसं न चुकता उचलतात. मला एकदम हसू आलं, बरंही वाटलं. मग मी विचारतच सुटले. पाणी का नको, मोजे का काढलेस, दिवा का हवा. प्रत्येक वेळी ‘वाइल’, प्रत्येक वेळी क्रियापद शेवटी. बराच वेळ उत्तरं दिल्यावर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘आई, आता तू झोप.’